नगरपंचायतीचा यजमान

सौभाग्यवतींनी मला नोटीस दिली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे गोड बोलण्याची मुदत नुकतीच संपली होती.

"शिमग्यापर्यंत या नळाला पाणी आलं तर ठीक," अंगणातल्या नळाकडे बोट दाखवून भाग्यश्री म्हणाली, "नाहीतर मी रितेशकडे डोंबिवलीला जाते. तुम्ही बसा इथे निसर्गात."

'निसर्गात' हा शब्द तिने अशा काही स्वरात उच्चारला की समोरच्या टेकडीकडे बघायची मला लाज वाटली. बायको 'जाते' म्हणाली आणि गेली नाही, असे प्रसंग आमच्या संसारात बरेच झालेत. पण या वेळी तिने मुलाला फोन करून गादी कुठली रिकामी आहे ते विचारलं होतं. गादीची चौकशी झाली की प्रकरण गंभीर समजावं.

आता नळाबद्दल सांगतो. निवृत्तीनंतर वडिलांच्या गावी, टेंभोळ्याला, मी दोन खोल्या बांधायला काढल्या तेव्हा हिने एकच प्रश्न विचारला होता, "पाण्याचं काय?" मी म्हणालो होतो, "नळयोजना आलीच आहे." माझ्यावर विश्वास ठेवायची तिची ती शेवटची वेळ. आणि मी खोटं बोललो नव्हतो हो! योजना आली होती. टाकी बांधून झाली, पाइप पुरून झाले, दारोदार नळ उभे राहिले. टाकीत पाणीसुद्धा होतं. नळ मात्र कोरडे. कारण टाकी आणि नळ यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह होता आणि तो उघडायला माणूस नव्हता.

म्हणजे माणूस होता. धाऊ त्याचं नाव. ग्रामपंचायतीच्या जमान्यापासून पंप, पाणी, दवंडी सगळं तोच बघायचा. पण मधल्या काळात आमच्या गावाला बढती मिळाली. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली. गावात बदल एवढाच झाला की जुन्या पाटीवरचं 'ग्राम' कुणीतरी चुन्याने पुसलं आणि 'नगर' लिहायला रंग मिळेना, म्हणून महिनाभर आम्ही नुसतीच पंचायत होतो. बरखास्त झालेल्या ग्रामपंचायतीबरोबर धाऊचं पदही बरखास्त झालं. नवा आकृतिबंध, म्हणजे कोणतं खातं कुणाकडे आणि कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, आणि पुढल्या सहा महिन्यांचा आराखडा मंजूर होईपर्यंत धाऊ अधिकृतपणे कुणीच नव्हता.

तरी तो बिचारा पहिल्याच आठवड्यात पाना घेऊन निघाला होता. त्याला अडवलं चंदरशेठनी. चंदरशेठ म्हणजे बदलाच्या आदल्या दिवसापर्यंतचे आमचे सरपंच.

"मी सरपंच नाय, तर तू वॉलमन कसा रे?" ते म्हणाले. यातल्या तर्कात मला आजतागायत चूक सापडलेली नाही.

तेव्हा सगळं गाव गावदेवीच्या विहिरीवरून हंडे आणत होतं आणि त्या गावात आमची हीसुद्धा होती. पलीकडून तानसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. त्याबद्दल आमच्याकडे कुणी फार बोलत नाही, घरातल्या श्रीमंत जावेबद्दल बोलत नाहीत तसं.

तालुक्याहून प्रशासक म्हणून एक मॅडम नेमल्या होत्या. हसतमुख बाई, पण त्यांच्याकडे आणखी तीन ठिकाणचे पदभार होते, त्यामुळे खुर्चीत बसताना आपण आज कुठे आहोत हे त्या क्षणभर आठवून घ्यायच्या. समाजमंदिरातल्या सभेत त्यांनी विचारलं, "आकृतिबंधाचा कच्चा मसुदा गावातून कुणी करून देईल का? मी तपासून पुढे पाठवते. मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी पाणी."

सगळं गाव जमिनीकडे बघू लागलं. मी उभा राहिलो.

उभं राहण्याचं कारण ऐका. माझी सबंध नोकरी एका कंपनीच्या 'संघटन व पद्धती' खात्यात गेली. या खात्याचं काम एकच, चौकोन काढणं. चौकोनात पद लिहायचं, त्यातून खाली रेघ ओढायची, रेघेखाली आणखी चौकोन. कंपनीत काही सुधारलं नाही की त्या वर्षी आम्ही चौकोनांचे कोपरे गोल करत असू. इतकी वर्षं घरात मी या विद्येचा उल्लेख केला की ही भाजीत मीठ पाहायला उठायची. आज त्या विद्येवर नळाला पाणी येणार होतं. उभं राहताना माझे गुडघे वाजले आणि तो आवाज सभेने अनुमोदन म्हणून धरला.

"काका, आमी हावच पाठीशी," चंदरशेठ म्हणाले आणि खरोखरच माझ्या पाठीमागच्या दाराने बाहेर गेले.

तक्ता मी झोकात काढला. वर प्रशासक, खाली पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता, बांधकाम, लेखा असे चौकोन. पाण्याच्या चौकोनात पंकज, कारण त्याच्याकडे डिप्लोमा होता. त्याच्या खालच्या चौकोनात धाऊ. हिशेबाला दर्शना, कारण ती कॉमर्स शिकलेली. पाणीपट्टीचा हिशेब लागायचा तर पाणी आणि लेखा यांचा समन्वय हवा, म्हणून त्या दोन चौकोनांना जोडणारी एक आडवी, तुटक रेघ. असली नाजूक रेघ काढावी ती आम्हीच. तक्ता समाजमंदिराच्या भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' आमच्या कंपनीत या वाक्याचा अर्थ 'कुणी वाचू नये' असा होता. इथे लोकांनी तो शब्दशः घेतला.

पहिला आला धाऊ. दारात उभा राहिला, चहा नको म्हणाला. धाऊ चहा नको म्हणाला तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"काका, पंकज माज्या डोक्यावर कसा?"

"डोक्यावर नाही रे. पर्यवेक्षक आहे तो."

"त्यो माजा भाचा हाय. त्याला मी खांद्यावर बसवून म्हशाच्या जत्रेला नेलाय. आता त्यो परत माज्यावरच बसणार?"

"अरे, हे नातं नाही. पद आहे पद!"

"मंग रेघ कशी वंशावळीसारखी खाली आलीये? माजी म्हातारी ईचारते, पंकज तुजा बाप कदी झाला?"

मी धाऊला पंकजच्या शेजारी आणला. त्याबरोबर पंकजची आई आली, भावाला वर घ्या म्हणून. धाऊला वर घेतला, तर तो बांधकामाच्या चौकोनातल्या चंदरशेठच्या पुतण्याच्या बरोबरीला गेला आणि त्या दोन घरांत मागच्या शिमग्यापासून बोलणं नव्हतं. दोन दिवसांत माझे चौकोन भिंतभर इतके हलले की लोक सकाळी पेपर वाचावा तसे तक्ता वाचून कामाला जाऊ लागले.

पण हे काहीच नव्हे. तिसऱ्या दिवशी शकूबाई आली. शकूबाई ही दर्शनाची आई. गावातल्या कुठल्याही लग्नात भाताचं काम तिच्याकडे असतं. पाठोपाठ तिचा दीर, दोघंही इस्त्रीच्या कपड्यात. आत येऊन रीतसर बसली, पाणी घेतलं, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलून झालं. मग शकूबाईने पदर सावरला.

"मंग? मुलाकडचा काय म्हनना हाय?"

"कुठल्या मुलाकडचं?"

"आता काका, सगल्या गावानं भितीवर वाचलाय. आमची दर्शना आनि त्यो पंकज. तुमी मधी पडलाव, म्हनजे चांगलाच होल. पन आधी आमाला ईचाराचा तरी."

मी जीव तोडून सांगितलं, की ती समन्वयाची रेघ आहे.

"तेच तं," दीर म्हणाला. "पक्की रेघ नाय, तुटक हाय. म्हनजे बोलनी चालू."

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. हसू दाबताना हिच्या हातून नेहमी भांडं पडतं.

मी त्याच पावली जाऊन खोडरबराने ती रेघ पुसून टाकली. आयुष्यात इतकी महाग रेघ मी कधी पुसली नव्हती. संध्याकाळच्या आत गावभर झालं, की मोडलं. शकूबाई पुन्हा आली, या वेळी साध्या लुगड्यात, आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काय खोट काढलीत वो पोरीत?" पंकजची आई वेगळीच भडकली होती. पोरगी बरी आहे, पण आम्हाला न विचारता मोडलंत कसं, असा तिचा सवाल होता. ज्या दोघांचं हे चाललं होतं ती दोघं मात्र खुशाल होती. पंकज तर मला रस्त्यात भेटून म्हणाला, "काका, रेघ राहू दिली असती तर काय बिघडलं असतं?"

शिमगा जवळ येत होता. हिने उन्हाळ्याच्या साड्या वेगळ्या काढायला घेतल्या. मी कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन ओट्यावर बसून असायचो आणि समोरून हंडा घेऊन जाणारी प्रत्येक बाई मला विचारायची, "झाला का काका चित्र?" चित्र! कंपनीच्या अध्यक्षांनी ज्या तक्त्यांवर सही करायच्या आधी चष्मा पुसला, त्यांना चित्र!

अशा अवस्थेत माझ्या कुंपणावर बारकू येऊन बसला. बारकू आमचा शेजारी. भेंडी पिकवतो, हंगामात मांडवाचं काम करतो आणि बारा महिने सल्ला देतो. त्याच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत, पण तो घेतल्यावर मात्र पडतात, असा माझा अनुभव होता. त्याच्याच सल्ल्याने मी घराचा जिना आधी बांधला आणि वरचा मजला अजून बांधतोय.

"काका, तुमी उलटा करताव," बारकू म्हणाला. "या गावानं सरकारी काम येकबी येलेवर केला नाय. पन लगीन? कुनाचा लगीन पान्यावाचून अडलाय का सांगा. हळदीला सगला गाव जेवतो, कदी कोन उपाशी गेला?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"लग्नात पान्यावर कोन? धाऊची आळी. मांडव, दिवे कोन? आमी. पत्रावल्या कोन उचलतो, ठरलेला हाय. आहेराच्या टेबलावर हिशेबाला कोन बसतो, ठरलेला हाय. भाचा हाय का मामा, कोन ईचारीत नाय. तुमची ती चौकटी फाडा आनि सरळ पत्रिका छापा."

मी त्याला हसलो. संघटनशास्त्राचा मान ठेवून जितकं हसता येतं तितकं हसलो. मग तो गेला आणि मी बराच वेळ त्या फाटक्या, खोडून खोडून मऊ झालेल्या तक्त्याकडे बघत बसलो. आतून साड्यांच्या घड्या घातल्याचा आवाज येत होता. मी नवा कागद घेतला.

'आमचे येथे श्री गावदेवीच्या कृपेने नगरपंचायत टेंभोळे हिचा कारभार चालविण्याचे योजिले आहे.' एवढं लिहिलं आणि पुढे सुचत गेलं. निमंत्रक, प्रशासक मॅडम. व्यवस्थापक पाणी, धाऊ आणि समस्त वरची आळी. कार्यवाहक दिवाबत्ती, बारकू मंडपवाले. आहेर आणि हिशेब, दर्शना. स्वागतोत्सुक गटारे व साफसफाई, खालची आळी मित्रमंडळ. आणि सर्वांत खाली लहान मुलांची नावं, 'आमच्या नगलपंचायतीला यायचं हं.' कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली हा प्रश्नच उरला नाही. पत्रिकेत सगळे एकमेकांच्या शेजारी असतात आणि प्रत्येकाला आपलंच नाव दिसतं.

गावाने ती पत्रिका एका दुपारी मंजूर केली. धाऊ दोनदा चहा प्यायला. पंकज आपण होऊन मामाच्या हाताखाली गेला, कारण धाऊच्या आळीतली पोरं लग्नात पाणी वाढतातच. शकूबाईचं नाव 'विशेष सहकार्य' मध्ये टाकल्यावर ती माझ्याशी बोलू लागली.

आराखड्याचंही तसंच झालं. मी लिहिलं होतं, एप्रिलमध्ये गळतीची पाहणी, मेमध्ये दुरुस्ती. "एप्रिलात कोन भेटंल तुमाला?" म्हणून लोकांनी हळदींच्या तारखा सांगायला सुरुवात केली. त्या मांडल्यावर गावाला मोकळा दिवस उरेना. शेवटी कुणाला तरी आठवलं की यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यात मुहूर्त नसतात. म्हणून सगळी गटारं, सगळी गळती आणि रस्त्यावरचे सगळे खड्डे अधिक महिन्यात घातले. टाकीत पाणी पुरेसं होतं, पण सगळे नळ एकदम सुटले तर कुणालाच धड मिळालं नसतं. म्हणून मी पाण्याचे 'टप्पे' केले होते, एका वेळी ठरावीक घरांनाच पाणी. ते खोडून लोकांनी 'पंगती' केलं. मला ते गोड वाटलं. मी राहू दिलं.

राहता राहिला यजमान. पत्रिकेला यजमान हवाच. मी चंदरशेठचं नाव घातलं, कारण फलकावर आपला फोटो मधोमध यावा म्हणून जो माणूस सख्ख्या भावाला कोपऱ्यात ढकलतो त्याला टाळून चालणार नव्हतं. आणि चंदरशेठ चक्क हात जोडून उठले.

"छ्या छ्या! आमी सादी मानसा. यजमान काकाच. शिकलेला मानूस, घराणा मोठा."

"काकाच! काकाच!" सगळं समाजमंदिर म्हणालं.

चंदरशेठ मान नाकारतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. तेहेतीस वर्षांत कंपनीने मला एकदाही कशाच्या वर लिहिलं नव्हतं. मी घरी आलो आणि हिला म्हणालो, "यजमान व्हा म्हणतायत. मी नाही म्हटलं, पण ऐकेनात." ही माझ्याकडे बघत राहिली. "मग मी यजमानीण ना?" एवढंच म्हणाली.

मॅडमनी मसुदा वाचला तेव्हा मी समोर उभा होतो. 'स्वागतोत्सुक गटारे' ला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. पण त्या मूळच्या शेजारच्याच मुरबाडकडच्या. शेवटपर्यंत वाचून त्या म्हणाल्या, "तात्पुरती व्यवस्था म्हणून चालेल. निवडणुका होईपर्यंत हेच. सरकारी नमुन्यात मी बसवते." आणि मग मान वर करून विचारलं, "यात यजमान कोण?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा हळव्या नजरेने पाहिलं आणि सही केली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी पाणी सुटायचं ठरलं. व्हॉल्व्हला हळद लावली होती, शेजारी केळीचे खांब. सावळीबाई धवलारीण आली होती. आमच्याकडे ती धवले गाऊन लग्न लावते. तिने गावदेवीला, टाकीला, पाइपाला आणि पाइपाच्या ठेकेदाराला आवाहन करून धवला म्हटला. ठेकेदार सोडून सगळे हजर होते. धाऊने फेटा बांधला होता. यजमान म्हणून माझ्या हातून नारळ फुटला, दुसऱ्या फटक्याला. धाऊने पान्याला जोर दिला, पाइप गुरगुरला आणि मी घराकडे धावलो.

अंगणात बादल्या, पिंप, कळशा, आमटीचं पातेलंसुद्धा मांडलं होतं. मी नळ उघडून उभा राहिलो. नळाने एक सुस्कारा टाकला आणि गप्प बसला. मी थांबलो. वरच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. मग खालच्या आळीतून. पोरं अंगणात नाचत होती. माझ्या नळातून एक मुंगी बाहेर आली.

मी तरातरा व्हॉल्व्हकडे गेलो. "धाऊ, अरे आमच्याकडे काही नाही!"

"पयल्या पंगतीला म्हातारी मानसा, शाळा आनि बाळंतिनी बसल्यात," धाऊ म्हणाला. "मंग पावने-रावले. मंग बाया. मंग आमी वाढपी."

"आणि मी?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. धाऊला माझी खरोखर कीव आली असावी.

"काका, तुमी यजमान ना? यजमान कदी पयल्या पंगतीला बसतो?"

मागे चंदरशेठ भिजलेल्या मिशा पुसत होते. त्यांचं म्हातारपण नुकतंच, त्याच दिवशी, पहिल्या पंगतीपुरतं सुरू झालं होतं. लग्नाच्या मांडवात आधी मला वाढा म्हणणारा यजमान मी तरी कधी पाहिला नाही. आणि ही व्यवस्था एका दिवसाची नव्हती. निवडणुका होईपर्यंत रोज मी शेवटच्या पंगतीचा धनी होतो.

हे आता हिला सांगायचं होतं. पाय ओढत घरी आलो. "अगं," म्हणून हाक मारली. ओ आली नाही. आत गेलो. स्वयंपाकघर रिकामं. खोली रिकामी. शिमगा उद्यावर आला होता आणि नळ कोरडा होता. आसनगाव स्टेशनला जाणारी जीप नुकतीच फाट्यावरून गेल्याचा आवाज मी ऐकला होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला पाणी नको होतं, नगरपंचायत नको होती, यजमानपद तर मुळीच नको होतं. भांडं पडल्याचा एक आवाज आतून आला असता तरी मी गावदेवीला कोंबडा बोललो असतो, आणि आमच्या घराण्यात तर कांदासुद्धा जपून खातात.

धावत बाहेर आलो तर कुंपणावर बारकू.

"काकू? त्या तिसऱ्या पंगतीत हायेत."

मी खालच्या आळीत गेलो. मुलाच्या लग्नातली पैठणी नेसून, नाकात नथ घालून, ही दारोदार फिरत होती. "पोचलं का हो पाणी? पिंप भरलं? लाजू नका हं, आणखी घ्या!" शकूबाई तिच्या मागे कुंकवाचा करंडा घेऊन. जिच्या अंगणात पाणी पोचलं ती प्रत्येक बाई हिला वाकून नमस्कार करत होती. डोंबिवलीच्या सोसायटीत तीस वर्षांत हिला कुणी नमस्कार केला नव्हता, पार्किंगवरून भांडण मात्र केलं होतं.

"तू... डोंबिवलीला..." मी धापा टाकत म्हणालो.

"मांडव सोडून यजमानीण जाते का कुठे? निवडणुका होईपर्यंत मी हलत नाही. आणि तुम्ही घरात काय बसलात? हात जोडा."

"तुला ठाऊक होतं? आपल्याला शेवटी मिळणार ते?"

"लग्न होऊन या घरात आल्यापासून मी शेवटच्या पंगतीलाच जेवतेय," ही म्हणाली. "तुम्हालाच नवीन आहे."

यावर मी हात जोडले. आधी तिला जोडले, मग आळीला.

उन्हं उतरली तेव्हा आमची पंगत आली. मी नळापाशी बसलो, हात गुडघ्यावर ठेवून. आणि मग एक गोष्ट झाली जी कुठल्याही आराखड्यात नव्हती. यजमान बसला की वाढपी मोकळे होतात आणि सगळा मांडव त्याला वाढायला लोटतो. तसे सगळ्या गावाने आपापले नळ बंद केले. सगळ्या टाकीचा जोर एकट्या माझ्या नळावर आला. आधी बादली भरली, मग पिंप, मग कळशा, मग आमटीचं पातेलं. मी नळ बंद करायला गेलो तर त्याची चावी माझ्या हातात निघून आली आणि धार थेट ओट्यावर गेली.

"धाऊ, पुरे!" मी ओरडलो.

"असा कसा काका! घ्या, घ्या!" रस्त्याच्या टोकावरून धाऊ ओरडला आणि पान्याला आणखी एक पीळ दिला. त्याच्याभोवती अख्खी वरची आळी उभी होती. "होऊ द्या, यजमान!"

"अरे नको! खरंच नको!"

"यजमानांना लाज वाटते रे! सोड आनखी!" हा चंदरशेठचा आवाज.

अंगणात पाणी पाऊलभर चढलं, तुळशीला प्रदक्षिणा घालून कुंपणाखालून पलीकडे निघालं. "वाया नाय जात काका," बारकू भेंडीच्या वाफ्यातून ओरडला, "सगला माज्याकडं येतोय!" ही दारात पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून उभी होती आणि इतकी हसत होती, की आतून कुठलं भांडं पडायचं शिल्लक राहिलं नव्हतं.

"अहो, दोनदा 'नको' म्हटलं की लोक आग्रहच करतात," ती हसता हसता म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हणा, म्हणजे खरं धरतील!"

मी तोंड उघडलं. पाणी पायावरून थंडगार वाहत होतं. मी परत मिटलं.